ड्यूटेरॉनपासून सुरुवात करा: क्वार्क ते अणुकेंद्रक ही वाट नव्यानं चालणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ची मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले कण) आणि ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) कसे वागतात याचं समीकरण १९७३ पासून माहीत आहे. मग ऑक्सिजन-१६ च्या केंद्रकातले ४८ क्वार्क थेट संगणकात घालून त्याची बंधनऊर्जा का काढत नाहीत?

काढायला बसलं की पहिली अडचण मोजणीचीच येते. सगळे अप क्वार्क एकसारखे, सगळे डाउन क्वार्क एकसारखे. त्यामुळे आधीच्या क्षणीचा कुठला क्वार्क नंतरच्या क्षणी कुठे पोचला, याच्या शक्य तेवढ्या सगळ्या जोड्या लावाव्या लागतात. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन, म्हणून प्रकार फक्त २. ड्यूटेरॉनमध्ये तीन-तीन, म्हणून ३६. हेलियम-३ ला २,८८०, हेलियम-४ ला ५,१८,४००. ऑक्सिजन-१६ ला येणारी संख्या ४८ आकडी आहे. हुशार रीती शोधून ही मोजणी पुष्कळ आटोक्यात आली आहे, ही चांगली गोष्ट. पण तिच्यामागे दुसरी, जास्त चिवट अडचण उभी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

म्हणून ही वाट पायऱ्यापायऱ्यांनीच चढायची: क्वार्कांपासून प्रोटॉन-न्यूट्रॉन, मग त्यांच्यामधलं बल, मग त्या बलापासून केंद्रक. तुमच्याकडे पदव्युत्तर पातळीचं क्वांटम मेकॅनिक्स, मॅट्रिक्सशी ओळख आणि थोडंफार पायथन एवढं असलं तर चालेल. खाली दिलेलं हातानं करण्याजोगं सगळं साध्या लॅपटॉपवर होतं.

वही आणि एक आकडा

सुरुवातीलाच एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: घातलं काय, निघालं काय, ताळा कशाशी. या क्षेत्रात ‘क्वार्कांपासून काढलं’ असं लिहिलेले निबंध शेकड्यांनी सापडतील. त्यांतल्या काहींत खरोखर फक्त क्वार्कांची वस्तुमानं आणि एक बलस्थिरांक घातलेला असतो. काहींत वीस-पंचवीस आकडे प्रयोगावरून जुळवून घेतलेले असतात. दोन्ही कामं मोलाची, पण ती एकाच मापानं मोजता येत नाहीत. पहिला रकाना प्रामाणिकपणे भरायची सवय लागली की कुठलाही निबंध नेमका कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळतं. माझ्या मते नवशिक्यानं कमवायची ही पहिली गोष्ट आहे, सगळ्या सूत्रांच्या आधीची.

पाठ करायचा आकडा एकच: एच-बार गुणिले प्रकाशवेग म्हणजे १९७.३ एमईव्ही-फर्मी. एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक; कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात. फर्मी म्हणजे फेमटोमीटर, मीटरचा दहा-वर-पंधरावा भाग. या एका आकड्यानं ऊर्जेचं अंतरात रूपांतर होतं. पायऑन म्हणजे ज्याच्या देवघेवीतून केंद्रकातलं बल येतं तो कण. त्याचं वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही, १९७.३ ला त्यानं भागा, १.४ फर्मी येतात. केंद्रकातल्या बलाचा पल्ला तेवढाच असतो. हिदेकी युकावा यांनी १९३५ साली हीच वाट उलट्या दिशेनं चालून, बलाच्या पल्ल्यावरून, तोवर कुणी न पाहिलेल्या कणाचं वस्तुमान सांगितलं होतं. तो कण १९४७ मध्ये सापडला. त्याआधी कोलकात्यात देबेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी फोटोग्राफीच्या काचांवर मेसॉनांच्या (पायऑनसारख्या मधल्या वस्तुमानाच्या कणांच्या) खुणा नोंदवल्या होत्या. बिभाताई पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करायला आल्या. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत अजून फारसं दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

पहिली पायरी: ड्यूटेरॉन, क्वार्कांशिवाय

एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. बंधनऊर्जा २.२२५ एमईव्ही. त्यांच्यातलं बल म्हणजे २.१ फर्मी त्रिज्येची चौकोनी विहीर, असं धरा. श्रोडिंजरचं समीकरण आत आणि बाहेर सोडवून काठावर जुळवा आणि बंधनऊर्जा बरोबर यायला विहीर किती खोल हवी ते काढा. उत्तर सुमारे ३४ एमईव्ही येतं. हे कागदावर तासाभरात होतं, तरी पायथनमध्येही करा. पुढे विहिरीऐवजी दुसरं बल घालायचं आहे.

आता त्याच तरंगफलनावरून, दोन्ही कण विहिरीच्या बाहेर असण्याची संभाव्यता काढा. ती ६३ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ज्या बलानं ते बांधले गेले आहेत त्या बलाच्या पल्ल्याबाहेरच ते जास्त वेळ असतात. बाहेरची शेपटी ओसरायला ४.३ फर्मी लागतात. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, तो आपल्याला पुढे छळणार आहे.

पहिल्या रकान्यात काय घातलं? विहिरीची त्रिज्या आणि बंधनऊर्जा. तिसऱ्यात काय? ड्यूटेरॉनचा चतुर्ध्रुवी आघूर्ण, म्हणजे त्याचा आकार गोलापासून किती हटला आहे याचं माप, प्रयोगात ०.२८६ चौरस फर्मी. आपली विहीर सगळ्या दिशांना सारखी, म्हणून तुमचं उत्तर शून्य. ताळा जमला नाही आणि तो जमणारही नव्हता: खरं बल दोन्ही फिरकींच्या दिशेवर अवलंबून असतं, कारण ते लांब पल्ल्यावर पायऑनच्या देवघेवीतून येतं. चुकलेल्या ताळ्यानं इथे आपल्याला पायऑन दाखवला.

दुसरी पायरी: वस्तुमान येतं कुठून

ही पायरी छोटी आहे. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८.३ एमईव्ही. त्यातल्या दोन अप आणि एका डाउन क्वार्कच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही. उरलेलं सगळं क्वार्कांच्या गतीतून आणि ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेतून येतं. तुम्ही जुन्या क्वार्क मॉडेलमध्ये क्वार्कला ३०० एमईव्ही दिलेले पाहिले असतील. तिथे ग्लुऑनांचा सगळा पसारा क्वार्कच्या पदरात बांधून टाकलेला असतो. ते मॉडेल आहे, मूळ सिद्धान्त नव्हे. दोन्हींतला क्वार्क एकच समजून चालणं ही नव्या मुलांची सगळ्यात नेहमीची चूक.

आणि क्वार्क सुटा मिळत नाही. केंद्रकाच्या ऊर्जांवर बल इतकं जोरदार असतं की पदावली मांडून, लहान पदं सोडून देऊन उत्तर काढायची नेहमीची रीत चालत नाही. म्हणून पुढची पायरी.

तिसरी पायरी: जाळी

केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये सुचवलं: अवकाश आणि काळ यांची जाळी करा, क्वार्क तिच्या गाठींवर ठेवा, ग्लुऑन गाठींना जोडणाऱ्या दोऱ्यांवर. मग क्षेत्राच्या शक्य असलेल्या असंख्य मांडण्यांमधून यदृच्छेनं, पण योग्य वजनानं नमुने निवडा आणि सरासरी घ्या. यालाच लॅटिस क्यूसीडी म्हणतात; लॅटिस म्हणजे जाळी, क्यूसीडी म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांचा सिद्धान्त, क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स.

थेट क्वार्कांवर जाऊ नका. आधी एकाच सरल आवर्ती दोलकाची जाळी करा. काळाचे वीस ठोके घ्या, प्रत्येक ठोक्यावर दोलकाची जागा ही एक संख्या. मेट्रोपोलिस रीतीनं ती संख्या जराशी हलवा, क्रिया (ॲक्शन) कमी झाली तर बदल ठेवा, वाढली तर वाढीच्या घातांकी प्रमाणात कधी ठेवा, कधी टाका. पन्नासेक ओळींचा प्रोग्राम होतो. मग दोन ठोक्यांवरच्या जागांचा गुणाकार सरासरीनं काढा. ठोक्यांमधलं अंतर वाढेल तसा तो घातांकानं घटतो, आणि घटण्याचा वेग म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांमधली ऊर्जा. खरं उत्तर १ असेल अशी एककं घ्या.

ठोक्याचं अंतर १ ठेवलंत तर अगणित नमुने घेऊनही १ येणार नाही, ०.९६२ येईल. अंतर अर्धं केलं की ०.९९०, पाव केलं की ०.९९७. हे आकडे या जाळीसाठी कागदावर अचूक निघतात, त्यामुळे ताळा पक्का. अंतर निम्मं केलं की चूक चौथाई होते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जाळीचा दोष वेगळा आणि नमुन्यांची चूक वेगळी; दुसरी जास्त वेळ संगणक चालवून कमी होते, पहिली होत नाही.

आता खऱ्या जाळीचा आकार ऐका. अवकाशात ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, काळात १२८, गाठींतलं अंतर ०.०९ फर्मी. एकूण गाठी ३ कोटी ३५ लाख. ग्लुऑन क्षेत्राची एकच मांडणी साठवायला सुमारे १९ गिगाबाइट लागतात. क्वार्कचा प्रवास काढायला जे मॅट्रिक्स उलटावं लागतं ते ४० कोटी गुणिले ४० कोटींचं. एवढं करून पेटी फक्त ५.८ फर्मी रुंद होते. ती याहून लहान चालत नाही, कारण पायऑनच्या पल्ल्याच्या किमान चौपट पेटी ठेवायचा प्रघात आहे.

या रीतीला मोठं यश मिळालं आहे. २००८ मध्ये बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल इथल्या संशोधकांच्या गटानं प्रोटॉनसकट हलक्या हॅड्रॉनांची (क्वार्कांपासून बनलेल्या कणांची) वस्तुमानं काही टक्क्यांच्या अचूकतेनं काढली. २०१५ मध्ये विद्युतचुंबकीय परिणाम धरून न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानांतला फरकही निघाला: गणितानं सुमारे १.५, प्रयोगात १.२९३ एमईव्ही. न्यूट्रॉन जड का, हा प्रश्न क्वार्कांपासून सुटला. एक न्यूक्लिऑन, म्हणजे एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, ताब्यात आला.

चौथी पायरी: दोन न्यूक्लिऑन

इथेच घोडं पेंड खातं, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

दोन न्यूक्लिऑनांचं एकत्र वस्तुमान १,८७८ एमईव्ही. त्यातून शोधायची बंधनऊर्जा २.२. म्हणजे हत्तीच्या पाठीवर बसलेल्या बगळ्याचं वजन, हत्तीला बगळ्यासकट आणि बगळ्याशिवाय तोलून काढायचं. शिवाय ती ४.३ फर्मींची शेपटी ५.८ फर्मींच्या पेटीत नीट मावतच नाही.

पेटीचा प्रश्न मार्टिन ल्युशर यांच्या सूत्रानं सुटतो. पेटीत ऊर्जा सुट्या पातळ्यांवरच मिळते, आणि त्या पातळ्या मोकळ्या कणांच्या पातळ्यांपासून किती सरकल्या यावरून कणांची टक्कर कशी होते ते कळतं. पेटीची अडचणच माहिती देते. मला हे सूत्र पहिल्यांदा समजलं तो दिवस अजून लक्षात आहे.

खरा त्रास गोंगाटाचा. जाळीवर काळ पुढे जातो तसा न्यूक्लिऑनचा संकेत (दोलकाच्या त्या घटत्या गुणाकारासारखीच राशी) घटतो, पण त्यातली अनिश्चितता मात्र पायऑनांच्या हलक्या वस्तुमानामुळे त्याहून सावकाश घटते. संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर घसरण्याचा वेग ठरतो न्यूक्लिऑनच्या वस्तुमानातून पायऑनचं दीडपट वस्तुमान वजा करून: सुमारे ७३० एमईव्ही. १९७.३ नं भागा, घातांक घ्या. जाळीवर काळही फर्मीतच मोजतात; दर फर्मीला गुणोत्तर चाळिसाव्या हिश्श्यावर येतं. दोन न्यूक्लिऑनांना हा हिस्सा चाळीस गुणिले चाळीस, हेलियम-४ ला सुमारे सव्वीस लाख. नमुने किती वाढवावे लागतात हे त्या आकड्याच्या वर्गावर ठरतं. सुरुवातीला म्हटलेली दुसरी अडचण ती हीच.

दुसऱ्या बाजूनं, पेटीतल्या दोन न्यूक्लिऑनांच्या लागोपाठच्या पातळ्यांत चाळीस-पन्नास एमईव्हींचंच अंतर असतं. वरच्या पातळीची भेसळ ओसरून खालची स्वच्छ दिसायला चारेक फर्मी काळ थांबायला हवं. त्याआधीच गोंगाटानं सगळं गिळलेलं असतं.

यावर तोडगा म्हणून क्वार्क मुद्दाम जड केले गेले. अमेरिकेतल्या एनपीएलक्यूसीडी गटानं २०१३ मध्ये अप आणि डाउन यांना स्ट्रेंज क्वार्कइतकं वस्तुमान देऊन हिशेब केला. तिथे पायऑन ८०६ एमईव्हींचा होतो, न्यूक्लिऑन सुमारे १,६३० चा, आणि गुणोत्तर दर फर्मीला चाळिसाव्याऐवजी आठव्या-नवव्या हिश्श्यावर येतं. त्यांना ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा सुमारे २० एमईव्ही मिळाली, हेलियम-४ ची शंभरच्या वर. जपानमधला हॅल क्यूसीडी गट दुसऱ्या वाटेनं चालला होता. इशी, आओकी आणि हात्सुदा यांनी २००७ मध्ये दोन न्यूक्लिऑनांच्या तरंगफलनासारख्या राशीवरून थेट बलाचा आलेख काढला होता: जवळ तीव्र अपकर्षण, मधे आकर्षण, अगदी पाठ्यपुस्तकासारखा. पण जड क्वार्कांच्या त्याच प्रदेशात त्यांच्या रीतीनं ड्यूटेरॉन बांधलाच जात नव्हता. एकच सिद्धान्त, दोन रीती, आणि उत्तरं ‘बांधलेला’ आणि ‘सुटा’.

वाद अनेक वर्षं चालला. त्यातून निघालेला धडा तुमच्या रोजच्या कामाचा आहे. संकेताचा आलेख सपाट झाला की आपण ‘पातळी मिळाली’ म्हणतो. पण खालची आणि वरची पातळी विरुद्ध चिन्हांनी मिसळली तर मधेच खोटा सपाट भाग दिसू शकतो. पुढच्या काळात एका संकेताऐवजी अनेक वेगवेगळ्या संकेतांचं मॅट्रिक्स करून त्याच्या आयगेनमूल्यांवरून पातळ्या वेगळ्या काढायची रीत रुळली. त्या रीतीच्या हिशेबांत आधीसारखी खोल बांधलेली अवस्था दिसली नाही. शिवाय २०२१ मध्ये माइन्झच्या संशोधकांनी एच-डायबॅरिऑन या सहा क्वार्कांच्या अवस्थेवर दाखवलं की जाळी जाडसर असेल तर बंधनऊर्जा कितीतरी पट मोठी येते. अंतर शून्याकडे नेलं तेव्हा ती साडेचार एमईव्हींच्या आसपास स्थिरावली. तुमचा दोलकाचा प्रोग्राम आठवतोय ना, तोच दोष.

त्यासाठी एक सराव करा. दोन घातांकांची बेरीज घ्या, एकाची ऊर्जा १.००, दुसऱ्याची १.०५, दुसऱ्याचा सहगुणक ऋण. वर थोडा यदृच्छ गोंगाट टाका आणि वेगवेगळ्या सहगुणकांना ‘सपाट’ भाग कुठे दिसतो ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. माझा स्वतःचा पहिला ‘शोध’ असाच एक खोटा सपाट भाग होता आणि तो धरून मी दोन महिने पुढचं गणित केलं होतं.

आज खऱ्या पायऑन वस्तुमानावर क्वार्कांपासून निघालेला, सगळ्या चुका धरून सर्वमान्य असा २.२ एमईव्हींचा ड्यूटेरॉन आपल्याकडे नाही. जपानच्या गटानं कोबेच्या के संगणकावर १४६ एमईव्हींच्या पायऑनपर्यंत मजल मारली, पेटीही आठ फर्मींची घेतली; स्ट्रेंज क्वार्क जास्त असलेल्या जोड्यांत गोंगाट कमी म्हणून तिथे निकाल चांगले आले. साध्या न्यूक्लिऑनांच्या जोडीत चुकांच्या रेघा अजून लांब आहेत.

पाचवी पायरी: मधली भाषा

मग लोक केंद्रकांची गणितं करतात कशी? स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९० च्या सुमारास वाट दाखवली. क्वार्कांच्या सिद्धान्तातून जाळीशिवायही एक गोष्ट नक्की हाती येते, ती म्हणजे त्याची सममिती. पायऑन इतका हलका का, तो न्यूक्लिऑनला कसा चिकटतो, हे काइरल सममिती ठरवते. त्या सममितीला धरून न्यूक्लिऑन आणि पायऑन यांच्यातल्या सगळ्या शक्य आंतरक्रिया लिहा आणि महत्त्वाप्रमाणे उतरत्या क्रमानं लावा. क्रम ठरतो एका गुणोत्तरानं: पायऑनचं वस्तुमान किंवा कणांचा संवेग, भागिले ही भाषा जिथे संपते ती सुमारे ६०० एमईव्हींची हद्द. म्हणजे पाव ते एक तृतीयांश. काय सोडून दिलं आणि त्यानं चूक किती राहिली, हे इथे आधीच सांगता येतं, आणि मला या भाषेचं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

अगदी जवळच्या अंतरावर काय घडतं ते काही स्थिरांकांत कोंबलेलं असतं. ते स्थिरांक आज बहुतेक प्रयोगांवरून जुळवतात. तुमच्या पहिल्या रकान्यात ते लिहिलेच पाहिजेत. जाळीवरून हे स्थिरांक काढून इथे घालणं हाच दोन पायऱ्यांमधला पूल. जड पायऑनच्या काल्पनिक जगासाठी तो २०१५ च्या सुमारास बांधून दाखवला गेला, खऱ्या जगासाठी काम चालू आहे.

तीन न्यूक्लिऑनांचं बल विसरू नका. फक्त दोन-दोन न्यूक्लिऑनांचं बल, कितीही अचूक जुळवलेलं, घेऊन ट्रिटियमची (एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) बंधनऊर्जा काढली तर एका नावाजलेल्या बलाला ७.६ एमईव्ही मिळतात, प्रयोगात ८.४८. उरलेला भाग तिसऱ्याच्या हजेरीचा. न्यूक्लिऑन स्वतः क्वार्कांचा बनलेला आहे, दोघांच्या देवघेवीत तो आतून उद्दीपित होतो आणि ते तिसऱ्याला जाणवतं. हे बल वरवरची दुरुस्ती नव्हे. ऑक्सिजनच्या समस्थानिकांत न्यूट्रॉन वाढवत गेलं तर शेवटचा टिकणारा ऑक्सिजन-२४ आहे. दोनांच्या बलावरची गणितं ऑक्सिजन-२८ लाही टिकवत होती. तीनांच्या बलाचं अपकर्षण धरल्यावर हद्द २४ वर का थांबते ते २०१० मध्ये उलगडलं. २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ऑक्सिजन-२८ प्रत्यक्ष दिसला, तो क्षणात फुटणारा निघाला.

सहावी पायरी: केंद्रक

बल मिळालं, आता अनेक कणांचं श्रोडिंजर समीकरण. इथे शत्रू म्हणजे मॅट्रिक्सचा आकार. पहिला सराव ऑक्सिजन-१८ चा: ऑक्सिजन-१६ चा गाभा गोठवायचा आणि वरचे दोन न्यूट्रॉन डी-पाच-द्वितीयांश, एस-एक-द्वितीयांश आणि डी-तीन-द्वितीयांश या कक्षांत ठेवायचे. एकूण कोनीय संवेगाचा प्रक्षेप शून्य असलेल्या मांडण्या हातानं मोजा, १४ भरतात. चौदा गुणिले चौदाचं मॅट्रिक्स, पायथनची एक ओळ. तळ आणि पहिली २-धन पातळी यांतलं अंतर प्रयोगात १.९८ एमईव्ही आहे. त्याच कक्षांत सिलिकॉन-२८ घेतलात तर मांडण्या ९३,७१० होतात. वरच्या कवचात निकेल-५६ घेतलात तर १०० कोटींच्या पुढे.

म्हणून मोठ्या केंद्रकांसाठी कपल्ड क्लस्टर, आयएमएसआरजी (इन-मीडियम सिमिलॅरिटी रीनॉर्मलायझेशन ग्रुप) अशा रीती आहेत. त्या सगळ्या मांडण्या न मोजता महत्त्वाच्या तेवढ्याच धरतात. या बळावर २०२२ मध्ये पाचव्या पायरीवरच्या काइरल बलांपासून थेट शिसे-२०८ पर्यंत मजल गेली आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या न्यूट्रॉनांच्या सालीची जाडी ०.१४ ते ०.२० फर्मी निघाली. नव्या माणसानं मात्र आधी बिगस्टिक किंवा केशेल हे मोफत मिळणारे प्रोग्राम उतरवून, ऑक्सिजन-१८ चं आपलं चौदाचं मॅट्रिक्स त्यांच्या उत्तराशी ताडून पाहावं. त्यांच्यासोबत येणारी बलं बहुतेक प्रयोगाला जुळवलेली असतात. पहिला रकाना भरताना लक्षात ठेवा.

पायऱ्या एक ते तीन मिळून दोन महिने, चौथीचा सराव आणि सहावीचं मॅट्रिक्स आणखी एक महिना, असा वेळ धरा. पाचवीसाठी मात्र क्वांटम क्षेत्र सिद्धान्ताचा एक पूर्ण अभ्यासक्रम झालेला असू द्या. महाराष्ट्रातल्या मुलांना जवळची जागा म्हणजे कुलाब्याची टाटा संस्था; लॅटिस क्यूसीडीवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्हीएसआरपी हा कार्यक्रम असतो. अर्जासोबत दोलकाच्या जाळीचे तुमचे तीन आकडे आणि ऑक्सिजन-१८ चं मॅट्रिक्स जोडा. मुलाखतीत त्यांवर बोलायला अर्धा तास सहज पुरेल.